स्टिल लाइफचा मूड कसा वाचावा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

स्टिल लाइफ म्हणजे स्थिरचित्र, मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र. त्याचा मूड वाचताना लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, हा तक्ता आधी डोक्यातून काढून टाका. मीही सुरुवातीला तो पाठ केला होता; परीक्षेपुरता कामाला येतो, चित्रासमोर नाही. रंगाचा सूर शेजारच्या रंगावर ठरतो.

व्हॅन गॉगचं १८८५ मधलं उघड्या बायबलचं स्थिरचित्र घ्या. मागे काळोख, पुढे पिवळट तपकिरी टेबल, त्यावर मळकट पांढऱ्या पानांचं भलंमोठं बायबल, बाजूला विझलेली मेणबत्ती. त्याच वर्षी त्याचे धर्मोपदेशक वडील वारले होते. एवढं कळलं की जो तो 'शोक' लिहून मोकळा होतो. पण खाली टेबलाच्या कडेला एक छोटी, हाताळून जुनी झालेली कादंबरी आहे, लिंबासारख्या पिवळ्या वेष्टनातली. ती बोटाने झाकून बघा. चित्र जडशीळ होतं. बोट काढलं की तो एवढासा पिवळा त्या सगळ्या काळ्या-तपकिरीला उलट उत्तर देतो. भावाला लिहिलेल्या पत्रातही त्याने या पिवळ्याचा वेगळा उल्लेख केलाय. बायबल वडिलांच्या बाजूचं, कादंबरी मुलाच्या; इथे शोक आहेच, पण त्यात बापलेकाचा वादही आहे, असं मला वाटतं.

दुसरी सवय: डोळे किलकिले करून बघा, नाहीतर मोबाइलवर फोटो कृष्णधवल करा. मूड टिकला, तर तो छायाप्रकाशातून आलाय. सतराव्या शतकातला डच चित्रकार हेडा याची करड्या-तपकिरी टेबलांची चित्रं अशी जवळपास शाबूत राहतात. पिवळ्यावर पिवळा रंगवलेली 'सूर्यफुलं' (१८८८) मात्र निम्मी मरतात.

कवटी, वाळूचं घड्याळ वगैरेंचे प्रतीकार्थ कुठेही वाचायला मिळतील. ते शेवटी बघा.

जुन्या चित्रांत रंग उडालेलेही असतात, हे फार जण विसरतात. व्हॅन गॉगचे १८९० मधले 'गुलाब' आज पांढरेफटक दिसतात. मुळात ते गुलाबी होते, त्यातला लाल रंग उडून गेला. त्यावर 'शुभ्र शांतता' असं लिहिण्याआधी संग्रहालयाची माहिती वाचलेली बरी.

आणि टिपण लिहिताना 'गूढ वातावरण' हे शब्द आले की खोडा. त्याऐवजी कुठला रंग, किती जागेत, कशाला खेटून, एवढं लिहा. तपासणाऱ्याला तेच हवं असतं.