आकड्यामागची शेपटी: डेबियन-उबंटूवर पॅकेजची स्थिती आणि आवृत्ती कशी वाचावी

एका क्लायंटकडून सुरक्षा तपासणीचा अहवाल आला. त्यात लाल अक्षरांत एक ओळ होती: सर्व्हरवर ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायचा प्रोग्राम) ९.२ आहे, दोष ९.८ मध्ये दुरुस्त झालाय, ताबडतोब अपग्रेड करा. सर्व्हर डेबियन १२ चा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा. अहवाल लिहिणाऱ्याने आवृत्तीचं तोंड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, पाहिलं होतं, त्यामागे डेबियनने जोडलेली शेपटी पाहिलीच नव्हती. डेबियन, उबंटू किंवा मिंट वापरत असाल तर ही शेपटी वाचायला शिकून घ्या. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

१. आधी स्थिती विचारा

डेबियनवर प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून बसतो, आणि मशीनवरच्या पॅकेजांची नोंद डीपीकेजी ठेवतं:

डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर

इथे एल लहान हवा. मोठा एल दिलात तर पॅकेजने कुठेकुठे फाइली ठेवल्यात त्याची यादी येते. उत्तरात वर काही ओळींचं मथळ्याचं जंजाळ असतं, जे सहसा कुणी वाचत नाही, आणि त्याखाली खरी ओळ. त्या ओळीच्या अगदी डाव्या टोकाला दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर सांगतं तुम्हाला काय हवं होतं, दुसरं सांगतं प्रत्यक्षात काय झालंय. दोन्ही ‘आय’ असतील तर पॅकेज बसवायचं होतं आणि ते नीट बसलंय.

‘आरसी’ दिसलं की नवखे दचकतात. पॅकेज काढलंय, पण त्याच्या कॉन्फिगरेशनच्या (मांडणीच्या) फाइली मागे राहिल्यात, एवढाच त्याचा अर्थ. भाडेकरू गेला, माळ्यावर ट्रंक राहिली. त्रास काही नाही. खुपत असेल तर ‘सुडो एपीटी पर्ज’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या (‘सुडो’ म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं).

दुसरं अक्षर मोठं असेल तर मात्र थांबा. मोठा यू म्हणजे फाइली उलगडल्या पण मांडणी झाली नाही. मोठा एफ म्हणजे मांडणी अर्ध्यात फसली. अपग्रेड चालू असताना वीज गेली की नेमकं हेच होतं. अशा वेळी ‘डीपीकेजी --ऑडिट’ अर्धवट पॅकेजं दाखवतं आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ राहिलेलं काम पुरं करतं. ऑडिटने काहीच छापलं नाही तर सगळं आलबेल आहे.

पहिलं अक्षर ‘एच’ असेल तर ते पॅकेज कुणीतरी रोखून धरलंय. बहुधा तुम्हीच, दोन वर्षांपूर्वी, काहीतरी बिघडू नये म्हणून, आणि आता विसरलात. रोखलेल्या पॅकेजला नेहमीच्या अपग्रेडमधून सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ अधूनमधून चालवत जा.

२. मग विचारा, नवीन काय उपलब्ध आहे

डीपीकेजीला फक्त तुमच्या मशीनवरचं कळतं. बाहेरच्या भांडारांत, म्हणजे जिथून पॅकेजं उतरतात त्या सर्व्हरांवर, काय आहे ते एपीटीला विचारायचं. त्याआधी ‘सुडो एपीटी अपडेट’ चालवा, नाहीतर शिळी यादी वाचत बसाल. ही आज्ञा फक्त यादी ताजी करते, काही बसवत नाही. मग:

एपीटी पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर

‘इन्स्टॉल्ड’पुढे सध्याची आवृत्ती असते, ‘कॅन्डिडेट’पुढे अपग्रेड केल्यास येणारी. खालच्या तक्त्यात तीन तारे असलेली आवृत्ती तुमची. त्यातले आकडे प्राधान्याचे: नेहमीच्या भांडाराला ५००, डिस्कवर आधीच असलेल्याला १००. ताऱ्यांखाली नुसतं १०० असेल, ५०० नसेलच, तर ही आवृत्ती आता कुठल्याच भांडारात नाही. एक तर ती कुणी हाताने फाइल आणून बसवलीय, नाहीतर भांडार पुढे सरकलंय.

३. आता शेपटी

माझ्या सर्व्हरवर उत्तर होतं: १:९.२पी१-२+डेब१२यू३.

विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांआधीचा १ म्हणजे इपॉक. मूळ प्रकल्पाने आकडे मोजण्याची रीत बदलली की क्रम बिघडू नये म्हणून डेबियनवाले तो पुढे लावतात, आणि तुलनेत तो सगळ्यांवर मात करतो. लिब्रेऑफिसचा इपॉक ४ आहे. ९.२पी१ ही मूळ प्रकल्पाची आवृत्ती. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचं सगळं डेबियनचं: २ म्हणजे पॅकेज बांधणीची दुसरी फेरी, आणि डेब१२यू३ म्हणजे डेबियन १२ साठी केलेली तिसरी दुरुस्ती.

अहवालाचं उत्तर याच तिसऱ्या दुरुस्तीत होतं. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला ‘रिग्रेशन’ हा दोष, सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७, मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये बुजवला. डेबियनची स्थिर शाखा सहसा आवृत्ती बदलत नाही, तेवढंच ठिगळ जुन्या आवृत्तीवर लावते. म्हणून तोंड ९.२ च राहिलं आणि भोक मात्र बुजलं. पुरावा हवा असेल तर ‘एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा आणि त्यात तो क्रमांक शोधा. मी ती ओळ जशीच्या तशी अहवालाखाली चिकटवून पाठवली.

४. दोन आवृत्त्यांत नवी कुठली, ते डोळ्यांनी ठरवू नका

१.१० ही १.९ पेक्षा नवी, कारण इथे दशांश नसतो. २.०~आरसी१ मात्र २.० पेक्षा जुनी, कारण त्या लाटेसारख्या चिन्हाचा क्रम सगळ्यांच्या आधी लागतो, अगदी काहीच नसण्याच्याही आधी. (हा ‘आरसी’ मघाचा नव्हे, हा प्रकाशनापूर्वीचा मसुदा.) शंका असेल तर मशीनलाच विचारा:

डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स १.९ एलटी १.१० && इको जुनी

एलटी म्हणजे ‘पेक्षा कमी’. आज्ञा स्वतः काही बोलत नाही, म्हणून मागे इको जोडलाय. ‘जुनी’ छापलं गेलं तर पहिली आवृत्ती जुनी.

एक गोष्ट कर्नलबाबत, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबाबत, अजूनही फसवते. डीपीकेजी -एल मध्ये तीन-तीन कर्नल ‘आयआय’ दिसतात आणि सगळ्यात नवा पाहून आपण निर्धास्त होतो. पण ती यादी डिस्कवर काय आहे तेवढंच सांगते. आत्ता चालू असलेला कर्नल ‘युनेम -आर’ सांगतो, आणि रीबूट केलं नसेल तर तो जुनाच असतो.