शरीरातले सूक्ष्म धातू मोजताय? या चुका टाळा

आहार आणि हवेचं प्रदूषण यांचा शरीरातल्या सूक्ष्म, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात असणाऱ्या, धातूंवर काय परिणाम होतो, यावर काम करणारी नवी मंडळी आकडे घेऊन येतात आणि लगेच विचारतात, "सांख्यिकी कोणती लावू?" सांख्यिकी नंतर बघू. गडबड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. काय खाल्लं हे विचारलेलं नसतं, नाहीतर रक्त भलत्याच नळीत घेतलेलं असतं.

मासे खाल्ले का, हे न विचारणं

मला सर्वात जास्त छळणारी चूक हीच. समुद्री मासे, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनिक भरपूर असतं, पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबेटाइन या रूपात. ते विषारी मानलं जात नाही आणि जसंच्या तसं काही दिवसांत लघवीतून निघून जातं. 'एकूण आर्सेनिक' ही चाचणी मात्र रूपांमध्ये फरक करत नाही. एका जेवणानंतर आकडा कित्येक पटींनी चढतो.

धातू वितळवणाऱ्या एका कारखान्याजवळच्या वस्तीचा अभ्यास माझ्याकडे वाचायला आला होता. वस्ती समुद्रकिनाऱ्यावर, आणि तुलनेसाठी निवडलेलं गाव खूप आत, डोंगरात. वस्तीतल्या लोकांच्या लघवीत आर्सेनिक इतकं जास्त होतं की लेखाचा निष्कर्ष आधीच लिहून तयार होता: धूर. प्रश्नावलीत धूम्रपान होतं, चूल होती, रस्त्यापासूनचं अंतरही होतं. मासे नव्हते. सुदैवाने नमुने फ्रीजरमध्ये शिल्लक होते. आर्सेनिकची रूपं वेगळी करून मोजली, तेव्हा जवळजवळ सगळा फरक आर्सेनोबेटाइनचा निघाला. असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे खरं विषारी रूप, आणि शरीरात त्याचीच बनलेली मिथाइल रूपं यांत थोडा फरक उरला होता. धुराबद्दल काही म्हणायचंच असेल तर ते त्या थोड्याशा फरकावरून, आणि जपून. लेख अख्खा नव्याने लिहावा लागला. त्या वस्तीतले लोक मधले काही महिने उगाच घाबरून राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगते. नमुन्याआधी किमान चार दिवस समुद्री अन्न बंद. कुणी खाल्लंच असेल तर त्या माणसाला वगळायचं नाही, तारीख पुढे ढकलायची. समुद्री शेवाळाबद्दल वेगळं विचारायचं, कारण त्यातल्या आर्सेनिकयुक्त शर्करांपासून शरीरात डायमिथाइल रूप तयार होतं, असेंद्रिय आर्सेनिकपासूनही तेच बनतं, आणि मग रूपं वेगळी करूनही फसगत होते. भात किती खातात हेही लिहून घ्यायचं. तांदळातलं असेंद्रिय आर्सेनिक खरोखरच धोक्याचं असतं, त्याला 'अडथळा' समजून बाजूला सारू नका.

हवा नाकातून आणि आहार तोंडातून, असं समजणं

कागदावर हे दोन रकाने छान दिसतात, शरीरात ते असे राहत नाहीत. श्वासातले जाडसर कण श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकतात, वर ढकलले जातात आणि आपण ते गिळतो. हवेतली धूळ पालेभाजीवर बसते, जमिनीवर बसते, तिथून लहान मुलांच्या हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या शरीरात साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून घरात लहान मूल असेल तर हवेच्या यंत्राबरोबर फरशीवरची धूळही पुसून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

वाट बदलली की धातूचं वागणंही बदलतं. मँगेनीज घ्या. अन्नातून आलेल्या मँगेनीजपैकी जेमतेम काही टक्के आतड्यातून आत जातं आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. वेल्डिंगच्या धुरातून फुप्फुसात गेलेलं मँगेनीज यकृताच्या या पहिल्या पहाऱ्यातून जातच नाही, थेट रक्ताभिसरणात शिरतं. गंधाच्या चेतातंतूंवाटे ते मेंदूपर्यंत पोचतं, हे प्राण्यांमध्ये दिसलं आहे. त्यामुळे 'अन्नातून मिलिग्रॅममध्ये येतं, हवेतून तर मायक्रोग्रॅममध्येच' ही बेरीज निरर्थक आहे. तरी दर वर्षी ती कुणीतरी मांडतंच.

लोहाकडे दुर्लक्ष

शरीरात लोह कमी पडलं की आतड्यातली लोह शोषणारी यंत्रणा जोमाने कामाला लागते आणि कॅडमियम, मँगेनीजही ओढून घेते. एकाच हवेत राहून, एकच जेवण जेवून दोन बायकांचं कॅडमियम वेगळं येतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मोजाच, आणि सोबत सीआरपीही (दाह दाखवणारं प्रथिन), कारण शरीरात दाह असला की फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. त्याच दाहात सीरममधलं (रक्त गोठून पेशी वेगळ्या झाल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) जस्त उतरतं आणि तांबं चढतं. तापातून उठलेल्या माणसाचं रक्त घेऊन 'प्रदूषणामुळे जस्त कमी' असं लिहू नका.

बाकीच्या, थोडक्यात

शिसं सीरममध्ये मोजणं: रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं. संपूर्ण रक्तच घ्या.

रक्तातलं शिसं म्हणजे आजची हवा, हे समजणं: रक्तातलं शिसं निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, पण हाडांत ते दशकानुदशकं राहतं. गाड्यांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल जगातून पूर्ण हद्दपार झालं ते 2021 मध्ये. त्या पेट्रोलच्या काळात हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तात उतरतं.

कॅडमियमच्या अभ्यासात सिगारेट न विचारणं: सिगारेटच्या धुरातच कॅडमियम असतं. ते विचारायचं नसेल, तर तो अभ्यास करूच नका.

साध्या नळीत जस्तासाठी रक्त घेणं: रबरी बुचातूनच जस्त उतरतं. सूक्ष्म धातूंसाठीची नळी वापरा, आणि प्रत्येक खोक्यातली एक नळी रिकामी तपासा.

केसांवरून सगळ्या धातूंचा निवाडा: मिथाइल पाऱ्यासाठी केस उत्तम. इतर बहुतेक धातूंत मात्र बाहेरची धूळ, रंग आणि शाम्पू आतल्या धातूपासून वेगळे काढता येत नाहीत. कोंड्यावरच्या काही शाम्पूंत तर सेलेनियमच असतं. घरबसल्या केस पाठवून 'संपूर्ण धातू अहवाल' मागवणाऱ्यांना मी नेहमी थांबवते.

औषध देऊन धातू बाहेर काढायचा, मग लघवी मोजून औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडायची: असं केल्यावर निरोगी माणसाचाही आकडा वर येतो. त्यावर पुढचे उपचार करणं धोकादायक आहे.

'प्रदूषणावर उतारा' म्हणून मनाने जस्ताच्या गोळ्या घेणं: जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं. त्यातून रक्तक्षय होतो, मज्जारज्जूलाही इजा होऊ शकते. प्रश्नावलीत 'औषधं' या रकान्याखाली 'गोळ्या, पावडरी, टॉनिक' असा वेगळा रकाना ठेवा. यांना कुणी औषध समजत नाही, त्यामुळे नुसतं 'औषधं' विचारलंत तर लोक सरळ 'नाही' म्हणतात.