लाइन गेली आणि कर्नलचा बिल्ड अडकला
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) भर बिल्डमध्ये, म्हणजे सोर्स कोडपासून तो तयार होत असतानाच, लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली. लाइन आल्यावर पुन्हा मेक (बिल्ड चालवणारी कमांड) दिलं, तर लिंकर (बनलेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) म्हणे फाइल ओळखता येत नाही. दोन रात्री सोर्सच तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच! मेक मुख्यतः फाइली शेवटी कधी बदलल्या ती वेळ पाहतं. लाइन जाताना शून्य बाइटच्या, म्हणजे रिकाम्याच राहिलेल्या ऑब्जेक्ट फाइली (सोर्समधून बनणारे तुकडे) त्याला ताज्याच वाटत होत्या. फाइंड कमांडनं तेवढ्याच शोधून उडवल्या, मेक पुन्हा चालवलं, झालं. सगळं क्लीन केलं असतं तर आधीचे तास पाण्यात गेले असते.

आणि राजेहो, बिल्डच्या आधी मेक लोकलमॉडकॉन्फिग करा. ते आपल्या मशीनवर त्या वेळी चालू असलेलेच मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) घेतं, वेळ खूप वाचतो. फक्त त्याआधी पेनड्राइव्ह, डोंगल लावून ठेवा, नाहीतर त्यांचे मॉड्यूल गळतात.