चेनसॉने फळी काढताना काप तिरका जातो? माझा अनुभव

उन्हाळी वादळात आमच्या नागपूरच्या घरामागचा कडुनिंब पडला. आरामशीनवाला एका ओंडक्यासाठी यायला तयार नव्हता, म्हणून चेनसॉला मिलची चौकट (फळीची जाडी सारखी ठेवणारी) लावली. दोन फुटांनंतर प्रत्येक काप खाली झुकायचा आणि जाडसर भुशाऐवजी पीठ पडायचं. नवी साखळी आणली, चौकट पुन्हा आवळली, फरक शून्य. दोन रविवार आणि तीन फळ्या वाया गेल्या.

गुन्हेगार होता जुन्या पाटीचा खिळा. त्यावर घासून एका बाजूचे दात बोथट झाले होते, नव्या साखळीचेही.

हे क्रमाने केलं. मेटल डिटेक्टर फिरवून खिळे काढले. गाइड बारच्या (ज्या पट्टीवर साखळी फिरते तिच्या) कडांवर आलेली धार कानशीने सपाट केली, बार उलटवून बसवला. सर्वांत आखूड दात कॅलिपरने मोजला आणि बाकीचे सगळे, दोन्ही बाजूंचे, तेवढेच घासले. उभ्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणाऱ्या कापासाठी दातांचा कोन ३० ऐवजी १० अंश ठेवला. डेप्थ गेज (दात किती खोल चावेल ते ठरवणारा, दातापुढचा उंचवटा) शेवटीच घासायचा, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली. मी आधी घासून एक साखळी बिघडवली. पहिला काप ओंडक्यावर ठोकलेल्या सरळ शिडीवरून घेतला, मागे दर फुटाला पाचर.

आता आठ फुटांची फळी सरळ निघते.