पाथर्डी फाट्यावरचं थंडीतलं बॅडमिंटन: मैदान आखण्यापासून जाळी गुंडाळेपर्यंत

फराळाचे डबे रिकामे झाले की कॉलनीतून पहिला फोन मला येतो, "बाई, टेप काढला का?" शाळेत २९ वर्षं पीटी शिकवली, त्यामुळे निवृत्तीनंतरही मी सगळ्यांची बाईच राहिले. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या ले-आउटच्या मधोमध एक मोकळा भूखंड आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असतं आणि उन्हाळ्यात नुसता फुफाटा. खेळायला मिळतात ते दिवाळी ते होळी एवढेच दिवस. एरवी सकाळी गाडी काढताना मान हलवण्यापुरती ओळख असलेली माणसं त्या दिवसांत रोज तासभर एकत्र येतात, म्हणून मला या दिवसांची फार ओढ असते. तुमच्याकडे अशी जागा असेल तर यंदा नक्की कोर्ट करा. फक्त आखणी खऱ्या मापाची करा. अंदाजाने रेघा ओढल्या की फूल (शटलकॉक) आत पडलं की बाहेर यावरून आठवडाभर वाद होतात आणि मग कोर्ट ओस पडतं.

आधी जमीन. कोर्ट ४४ बाय २० फुटांचं असतं, पण मागे-पुढे आणि बाजूंना पळायला जागा धरून साधारण ५४ बाय ३० फूट साफ करा. गवत मुळासकट काढा. कापून सोडलेल्या गवताच्या खुंटांवर पाय अडकतो. खडे वेचायला मुलांना घमेली देऊन एका ओळीत बसवा, अर्ध्या तासात काम होतं. मग दोन संध्याकाळी पाणी मारायचं, ओल जिरली की धुम्मसने चोपायचं आणि वाळल्यावर खराट्याने झाडायचं. कोर्टाची लांबी दक्षिणोत्तर ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलंत तर सकाळी आणि संध्याकाळी एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं.

आता आखणी. चार खिळे, सुतळी, लांब टेप आणि दोन माणसं लागतात. ४४ फुटांची एक बाजू आधी पक्की करा. दोन्ही टोकांना २० फूट मोजून बाकीचे दोन खिळे ठोका आणि मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप धरा. दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच भरले पाहिजेत. एक मोठा आणि एक लहान आला तर चौकोन कलला आहे. तेव्हा पहिल्या बाजूला हात न लावता समोरचे दोन खिळे एकाच दिशेला थोडे थोडे सरकवत जा. गेल्या वर्षी दहा वर्षांची एक मुलगी टेपचं टोक धरून बसली होती. दुसरा कर्णही तितकाच भरला तेव्हा ती ओरडली, "बाई, पायथागोरस!" बहिणीच्या पुस्तकात वाचलं होतं म्हणे. मला इतका आनंद झाला की त्या दिवशीचा पहिला गेम तिलाच दिला.

आतल्या रेघा सोप्या आहेत. टोकापासून २२ फुटांवर जाळी. जाळीपासून दोन्हीकडे साडेसहा फुटांवर सर्व्हिसची पुढची रेघ. मागच्या रेघेच्या अडीच फूट आत डबल्सची सर्व्हिस रेघ. दोन्ही बाजूंनी दीड फूट आत सिंगल्सच्या रेघा, आणि पुढच्या सर्व्हिस रेघेपासून मागपर्यंत मधोमध एक. रेघ दीड इंच रुंद हवी. मी दोन सुतळ्या तेवढ्या अंतरावर ताणते आणि मधून मुठीने फक्की (मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड) सोडत मागे मागे सरकते. सुतळी काढली की कडा सुरीने कापल्यासारखी दिसते.

फक्की आणा, नाहीतर रांगोळीची पांढरी पूड आणा, पण चुना अजिबात नको. आमच्याकडे पहिल्या वर्षी कुणीतरी रंगकाम उरकून राहिलेला चुना आणला आणि घाईत तोच पसरला. दुसऱ्या संध्याकाळी फूल उचलायला गेलेला एक मुलगा पालथा पडला आणि चुना डोळ्यात गेला. नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुतला आणि तसाच डॉक्टरांकडे नेला. डोळा वाचला, पण त्याच्या आईचा तो चेहरा मला अजून दिसतो. ज्याने चुना पसरला त्याचं नाव मी घेणार नाही, पण पुडी उघडून न पाहणं ही चूक माझीही होती.

खांबांसाठी खड्डे खणू नका. खालून पाण्याची लाइन गेलेली असू शकते. चारचाकीच्या जुन्या टायरात काँक्रीट ओतून मधे लोखंडी पाइप उभा करा आणि बाहेरच्या बाजूने खुंटीला दोरीचा ताण द्या. जाळी खांबाशी ५ फूट १ इंच, मध्यावर ५ फूट. लहान मुलांच्या वेळेला आम्ही ती अर्धा फूट उतरवतो.

उजेडासाठी १०० वॉटचे दोन एलईडी फ्लडलाइट पुरतात. ते जाळीच्या रेषेत दोन बाजूंना उंच लावायचे. कोर्टाच्या मागे लावले तर वर पाहताना डोळे दिपतात. रोज दोन तास म्हणजे महिन्याला १२ युनिट, ते वर्गणीतून सहज निघतात. वायर कुणाच्या तरी घरच्या मीटरवरून, ब्रेकरमधूनच घ्या. रस्त्याच्या खांबावर आकडा टाकू नका.

खेळायची वेळ वाऱ्यावर ठरते. आपल्याकडे थंडीत पहाटे हवा पडलेली असते. ऊन वर आलं की वारा सुटतो आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा पडतो. म्हणून सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी सव्वासहा ते साडेआठ. निफाडला पारा घसरला, बागाईतदारांनी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या अशी बातमी आली की आम्ही सकाळचा खेळ अर्धा तास पुढे ढकलतो. पडलेल्या हवेत धूरही खालीच राहतो, तेव्हा कोर्टाजवळ पालापाचोळा जाळू देऊ नका. शेकोटी हवीच असेल तर खेळ संपल्यावर.

थंड हवा दाट असते, त्यामुळे फूल कमी अंतर जातं. नायलॉनच्या फुलाच्या बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी उन्हाळ्याची, निळी आपल्या थंडीच्या संध्याकाळची, आणि अगदी कडाक्याच्या सकाळी लाल. डबा रात्रभर गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, गारठलेलं नायलॉन लवकर तडकतं. पिसांची फुलं उघड्यावर वापरणं म्हणजे पैसे उधळणं आहे.

आल्या आल्या रॅकेट हातात घेऊ नका, यावर मी हट्ट धरते. दोन फेऱ्या चालणं, एक फेरी हलकं पळणं, मग घोटे, पोटऱ्या, खांदे. गारठ्यात पोटरी आखडलेली असते आणि पहिल्याच उडीत धरते. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, उन्हं आल्यावर यावं. पहिल्या दहा मिनिटांत स्मॅश नको. तहान लागत नसली तरी मधे पाणी प्या.

रांग मोठी असेल तर २१ ऐवजी ११ गुणांचा गेम ठेवा, आणि जिंकलेली जोडीही दोन गेमनंतर बाहेर. हा नियम नसता तर कॉलेजची चार पोरंच रात्रभर खेळली असती. पहिला पाऊण तास मुलांचा, नंतरचा अर्धा तास बायकांचा. साडीवर खेळायला लाजणाऱ्या शेजारच्या काकू आता सर्वांत आधी येतात, पदर खोचून, पायात मुलाचे बूट.

भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत जाळी उतरवा. मैदान पतंगवाल्यांचं असतं आणि ते असूही द्यावं. नंतर जाळी लावण्याआधी मैदानावर मांजाचे तुकडे शोधा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो सापडतो. उन्हात तिरकं पाहिलं तर चकाकतो. तो हाताने ओढू नका, काठीला गुंडाळा आणि कात्रीने कापून पिशवीत भरा, नाहीतर कुणाच्या गळ्याला किंवा एखाद्या पारव्याच्या पंखाला बसतो.

रविवारी कोर्टाला सुट्टी. सकाळी पायी पांडवलेणी चढतो. २४ लेणी, आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख. एखाद्या रविवारी गाड्या काढून नांदूरमध्यमेश्वरला जातो. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं हे पाणथळ जानेवारीत बदकांनी भरलेलं असतं. उतरताना किंवा परतताना मिसळ ठरलेली.

होळी झाली की दुपारचा वारा संध्याकाळीही पडेनासा होतो आणि फूल भलतीकडे जायला लागतं. त्याच आठवड्यात जाळी उतरवा. वरचा पांढरा पट्टा साबणाने धुऊन वाळवा, जाळी काठीवर गुंडाळा आणि उंदरांच्या वाटेपासून दूर, कपाटात ठेवा. दोरी मात्र वेगळ्या पिशवीत, नाहीतर दिवाळीनंतरची पहिली संध्याकाळ गाठी सोडवण्यातच जाते.