शिडाच्या होडीने खांदेरीच्या धक्क्यावर
मुंबई बंदराच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर शिडाच्या होडीने जायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील भांगाची, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेली, तिथी निवडावी, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते. पहाटेच्या मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यावर शीड उभारावे. दुपारी समुद्रावरून येणारा वायव्येचा खारा वारा परतीच्या वाटेवर तोंडावर येतो आणि नागमोडी यावे लागते, म्हणून वेळ हातचा राखावा. समुद्रात रोवलेल्या डोल जाळ्यांच्या बोयांना (तरंगत्या खुणांना) लांबून वळसा घालावा. त्यांवर कोळ्यांचे पोट आहे. खडक पाण्याखाली बुडालेले असतात, म्हणून जपून, भरतीच्या पाण्यातच आत शिरावे आणि तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारूनच नांगर टाकावा. शिवरायांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला पाहण्याआधी, कोळी बांधव ज्याला मानतात त्या वेताळाचे दर्शन घ्यावे.