घरात मालिश कुणाला, कशी करायची, आणि मणके कडकड मोडून घ्यायचे का

आमच्या सांगली-मिरजेत कुणाची कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. एकजण म्हणतो उसण भरलीय, पायाळू माणसाकडनं लाथ मारून घे, दुसरा हाडवैद्याचा पत्ता देतो, आणि आता तिसरा मोबाईल पुढं करून रील दाखवतो ज्यात कुणीतरी एकाची मान धरून कट्‌कन फिरवतोय आणि तो माणूस उठून हसतोय. या तिसऱ्या प्रकाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, आणि हल्ली लोक विचारतात की आईला, पोरांना, सगळ्यांनाच एकदम नेऊन आणू का. माझं मत आधीच सांगून टाकतो. तेलमालिश घरातल्या जवळपास प्रत्येकाला चालते, फक्त प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे, आणि मणके मोडून घेणं हे फार थोड्यांचं काम आहे, ते पण नीट तपासून घेऊनच.

आधी हे बघा, तेलाची वाटी नंतर

पाठ दुखतेय आणि त्यासोबत लघवी अडकतेय किंवा कळत नाही, जांघेच्या मधल्या जागेला बधिरपणा आलाय, दोन्ही पायांतली ताकद गेल्यासारखी वाटतेय, तर कुणाचा हात लावून घेऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसा दबल्याचं हे लक्षण असू शकतं आणि तिथं तासांचा हिशोब असतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडं लोक विसरतात ती म्हणजे मणक्याचा टीबी. टीबी फक्त छातीत होतो असं नाही. पाठदुखी आठवड्यांमागून आठवडे चाललीय, रात्री झोपल्यावर पण दुखतंय, संध्याकाळी कणकण येतेय, वजन उतरतंय, भूक नाही, असं असेल तर पोकळ झालेल्या मणक्यावर झटका द्यायचा म्हणजे काय होईल विचार करा. आधी डॉक्टर, एक्सरे, रक्त तपासणी. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्या, यांनाही हाच नियम.

आणि पाय. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दाबली की दुखतेय, तर ती रगडू नका. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप असताना, कातडीवर जखम किंवा गळू असताना, ताज्या मुरगळलेल्या जागी पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही. तिथं बर्फ कपड्यात गुंडाळून लावा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हलक्या हातानं, नाहीतर काळेनिळे डाग उठतात.

मोठ्या माणसांची साधी मालिश

तासगाव पट्ट्यात ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. छाटणी, विरळणी, घड बुडवायचं डिपिंग, सगळं काम हात वर आणि मान मागं टाकून, दिवस दिवस. संध्याकाळी मान आणि खांदा यांच्या मधला मांसल भाग दगडासारखा होतो. त्याला खुर्चीवर उलटं बसवा, म्हणजे पाठ टेकायची बाजू छातीकडं येईल, आणि टेकण्यावर दोन्ही हात घडी घालून त्यावर कपाळ ठेवायला सांगा. मानेचे स्नायू सैल झाल्याशिवाय रगडण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत, माणूस ताठ बसलेला आणि मागनं हा दाबतोय.

तेल कुठलं म्हणाल तर घरात असेल ते, तिळाचं किंवा खोबरेल. गॅसवर डायरेक्ट तापवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. पहिली दोन-तीन मिनिटं नुसता तळवा फिरवायचा, दाब नाही. मग अंगठ्यानं दुखरी गाठ शोधायची, तिथं दाब द्यायचा आणि साधारण अर्धा मिनिट तसाच धरायचा, तो माणूस सावकाश श्वास सोडत असताना. दाब किती? त्यानं "दुखतंय पण बरं वाटतंय" म्हणावं इतका. श्वास रोखला, खांदा आकसला की समजायचं जास्त झाला. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर जिथं नाडी लागते तिथं अजिबात दाबायचं नाही, आणि शेवटी हौसेनं मान धरून फिरवायची तर मुळीच नाही. न्हाव्याकडं चंपीनंतर मान कट्‌कन मोडून देतात ना, तिथं पण आधीच सांगून ठेवत जा की चंपी कर, मान सोड.

कंबरेसाठी पालथं झोपवा, पोटाखाली एक उशी, घोट्याखाली एक. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही, हाडाच्या दोन्ही बाजूंना जे स्नायूंचे पट्टे आहेत त्यावर तळव्यानं कंबरेपासून वर. पायाला तेल लावताना पण खालनं वर, म्हणजे हृदयाच्या दिशेनं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं, विट्याच्या यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांचं दुखणं जास्त करून कंबर आणि पोटऱ्यांत असतं, त्यांना हेच लागू. कुणी घरात नसेल तर टेनिसचा जुना बॉल भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून स्वतःच रगडता येतं, हे मला तरी मशीनपेक्षा भारी वाटतं.

पैलवानांचं वेगळं असतं. आमच्या जिल्ह्यात तालमींना काय कमी नाही, कवठेपिरानच्या मारुती मानेंचं नाव अजून निघतं. तालमीतली रगड मेहनत झालेल्या तगड्या अंगाला असते, बघून बघून तीच घरी ऑफिसात बसणाऱ्या भावाला दिली तर तो दोन दिवस रजेवर जाईल.

आई-वडील, आजी-आजोबा

पन्नाशी-साठीनंतर, बायकांमध्ये पाळी गेल्यावर तर जास्तच, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून पाठीवर नातवाला चालवायचं, गुडघा देऊन दाबायचं हे बंद. ठिसूळ मणका तेवढ्यानं पण दबतो. हलका हात, तळपाय, पोटऱ्या, हाताचे पंजे, एवढ्यावर भर द्या. शुगर असेल तर पायाला गरम-गार नीट कळेलच असं नाही, त्यामुळं पायाला गरम पाण्याची पिशवी नकोच, दुसरीकडं लावायची तर टॉवेलमध्ये गुंडाळा, वीस मिनिटांवर नको, आणि गरम किती आहे ते त्यांना विचारू नका, स्वतः हात लावून बघा. मालिश करताना तळपायाला भेग, फोड दिसतोय का तेही बघून होतं, शुगरवाल्यांना हा फायदा मालिशीपेक्षा मोठा आहे. झालं की तळवे कोरडे पुसा मगच उठू द्या. तेलकट पायानं बाथरूमच्या फरशीवर घसरून खुबा मोडला तर सगळं घर सहा महिने कामाला लागतं.

बाळ आणि बाळंतीण

इथं मला जरा जास्त लिहायचंय कारण न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना घरात कुणी बोलत नाही, आणि त्यांच्या बऱ्याच गोष्टी चांगल्या असतात पण काही थांबवायलाच पाहिजेत. नाकात, कानात तेल घालायचं नाही, नाकातलं तेल श्वासातनं फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती कधीकधी फुगलेली असते, मुलगा असला तरी, ते आईच्या हार्मोनमुळं असतं आणि आपोआप उतरतं, ती पिळून दूध काढायचं नाही, त्यानं पू होतो. नाक ओढून सरळ होत नाही, डोकं दाबून गोल होत नाही. उलटं धरून झुलवणं नाही. डाळीच्या पिठानं खसाखसा चोळणं नाही. आंघोळीनंतरची धुरी पण नको, बाळाच्या फुप्फुसाला धूर म्हणजे धूरच.

बाकी मालिश जरूर करा, आईनं किंवा बाबानं केली तर उत्तम, बाबानं तर शिकावीच. दूध पाजून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, पंखा बंद, अंगठ्या-बांगड्या काढून, खोबरेल तेल दोन्ही हातांवर चोळून. पायापासून सुरुवात करा कारण बाळ तिथं हात लावू देतं, मग पोट, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, बेंबीची नाळ पडली नसेल तर पोट सोडा. बाळ रडायला लागलं, तोंड फिरवलं की थांबायचं, उद्या परत.

बाळंतिणीचं म्हणाल तर नॉर्मल डिलिव्हरी असेल आणि तब्येत ठीक असेल तर डॉक्टरला विचारून काही दिवसांत पाठ, खांदे, पाय सुरू करता येतात. सिझर असेल तर टाके भरेपर्यंत पोटाला हात नाही. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायात गुठळी व्हायची शक्यता वाढलेली असते म्हणून वर सांगितलेली पोटरीची गोष्ट तिच्यासाठी दुप्पट लक्षात ठेवा. आणि बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका, त्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास पण येत नाही.

शाळेतल्या पोरांचं थोडक्यात. संध्याकाळी दोन्ही पाय दुखतात म्हणून रडतात आणि सकाळी पळत सुटतात, ते वाढीच्या वयातलं दुखणं, रात्री पोटऱ्या-मांड्या हलक्या चोळल्या की झोपतात. एकच पाय दुखतोय, लंगडतोय, सूज आहे, तर डॉक्टर. दप्तराचं वजन पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नसावं असं २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीतच आहे, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा, मग पाठदुखीसाठी कुठं न्यायचं ते ठरवा.

आता ते कडकड

कायरोप्रॅक्टिक हा अमेरिकेतला प्रकार, डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसानं १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये सुरू केला. पहिला पेशंट एक सफाई कामगार, त्याला ऐकू येत नव्हतं आणि पाठीचा मणका बसवल्यावर यायला लागलं असा पामरचा दावा. तिथनं पुढं सगळेच आजार मणका सरकल्यानं होतात अशी थिअरी उभी राहिली. ही थिअरी आज टिकत नाही. दमा, कानाचं इन्फेक्शन, अंथरुणात लघवी, इम्युनिटी यासाठी मणके मोडून घ्या म्हणणाऱ्याकडं पाठ फिरवा, त्याला भक्कम पुरावा नाही. तान्ह्या बाळाचं पोट दुखतं म्हणून मणके बसवणं तर नकोच.

पण कंबरदुखीत थोडा उपयोग होतो, ते नाकारायचं कारण नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१७ साली सांगितलं की नव्या कंबरदुखीला आधी गोळ्यांकडं न पळता शेक, मसाज, मणक्याचं मॅनिप्युलेशन (म्हणजे हातानं झटका देऊन मणके हलवणं) असलं काहीतरी बघा, आणि त्याच सल्ल्यात हेही आहे की बहुतेकांची कंबर काहीही केलं तरी काही दिवसांत, आठवड्यांत सुधारतेच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ ला अट घातली की हाताचे असले उपचार व्यायामाच्या जोडीनंच द्या, नुसते नाही. म्हणजे मोडून घेतलं आणि परत येऊन सोफ्यावर पडलं तर पैसे गेले समजा.

तो आवाज हाडाचा नसतो. सांध्यातल्या पातळ द्रवातला दाब एकदम कमी होतो आणि तिथं गॅसची पोकळी तयार होते, त्याचा आवाज. बोटं मोडतो तसाच. आवाज आला म्हणजे सरकलेलं जागेवर बसलं असं नाही, आणि "मणक्यात गॅप आहे, भरून देतो" हे तर सोडूनच द्या. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर २० वर्षांच्या वयात साधारण ३७ टक्के आणि ८० व्या वर्षी ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात, असा २०१५ चा मोठा आढावा आहे. रिपोर्टवर गॅप लिहून आली म्हणून घाबरायचं कारण नाही.

मान मोडून घेऊ नका. मानेतनं मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला झटक्यानं चीर पडून लकवा होऊ शकतो, क्वचित होतं पण होतं, आणि त्या बदल्यात मिळतं काय तर दोन दिवसांचा हलकेपणा, जो मालिशीनं पण मिळतो.

कंबरेसाठी जायचंच ठरलं तर एक लक्षात घ्या, आपल्याकडं कायरोप्रॅक्टर म्हणून नोंदणी करणारी वेगळी कौन्सिल नाही, चार दिवसांचा कोर्स करून पण बोर्ड लावता येतो. त्यामुळं डिग्री विचारा, लाजू नका. मला विचाराल तर मॅन्युअल थेरपी, म्हणजे हातानं करायचे उपचार, शिकलेला फिजिओथेरपिस्ट बघा, बीपीटी किंवा एमपीटी या फिजिओथेरपीच्या डिग्रीवाला, त्यांची महाराष्ट्रात कौन्सिलकडं नोंदणी असते, नंबर मागा. मिरजेत तर एवढे दवाखाने आहेत की फिजिओथेरपीसाठी पुण्याला जायची गरज पडत नाही. चांगला माणूस आधी अर्धा तास विचारेल, पाय उचलून, टाचेवर-चवड्यावर चालवून बघेल, जुने आजार, गोळ्या लिहून घेईल आणि घरी करायचे व्यायाम देईल. आल्या आल्या टेबलावर झोपवून कट्‌कट्‌ सुरू करणारा, प्रत्येक पेशंटला तेच करणारा, घरातल्या चौघांचं वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ मागणारा असेल तर पाणी पिऊन परत या. चार-सहा वेळा जाऊन फरक नसेल तर सातव्यांदा जाऊ नका, तपासणी नव्यानं करून घ्या. झाल्यावर एखादा दिवस अंग ठणकतं, ते ठीक, पण पायात मुंग्या, बधिरपणा, चक्कर, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही झालं तर त्याला फोन करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला जा.